रिकामी खुर्ची कोण खेळणार?

१४ डिसेंबर २०२३ रोजी ब्रसेल्समध्ये युरोपीय संघाच्या २७ देशांचे नेते एका टेबलाभोवती बसले होते. युक्रेनशी सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू करायच्या की नाही, हा मुख्य प्रश्न होता. पण त्याला एकमत लागते आणि हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान कित्येक आठवडे ‘नाही’ म्हणत होते. जर्मनीचे चान्सलर ओलाफ शोल्झ यांनी त्यांना सुचवले की तुम्ही जरा बाहेर जाऊन कॉफी घेऊन या. ओर्बान उठले, बाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस जणांनी निर्णय घेऊन टाकला. निर्णय चुकीचा आहे, हे ओर्बान यांनी नंतर जगाला सांगितले. त्याच बैठकीत युक्रेनसाठीच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीला मात्र त्यांनी आडकाठी घातली. ती मदत मंजूर व्हायला १ फेब्रुवारी २०२४ उजाडला.

युरोपात आणि अमेरिकेत विद्यापीठांतले विद्यार्थी दरवर्षी याच खोलीची नक्कल करतात. कुणी फ्रान्सचा अर्थमंत्री होतो, कुणी माल्टाची राजदूत, कुणी युरोपीय आयोगाची आयुक्त. दोन-तीन दिवस संघाच्या भवितव्यावर घासाघीस चालते. नकाराधिकार ठेवायचा की काढायचा, नवे सदस्य कधी घ्यायचे, सामाईक कर्ज काढायचे का, बाहेर पडणाऱ्या देशाला कोणत्या अटी घालायच्या, असे हे विषय. आपल्याकडे कायद्याच्या महाविद्यालयांत अभिरूप न्यायालय असते, तशा या अभिरूप वाटाघाटी. आता असे समजा की अशा एका खेळात एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला कॉफी प्यायला पाठवून निर्णय उरकला. संयोजकांनी त्याची पाठ थोपटली असती, की नियमावलीतले कलम दाखवून त्याला जागेवर बसवले असते? माझी पैज दुसऱ्या शक्यतेवर आहे. हे खेळ काय शिकवतात आणि काय शिकवू शकत नाहीत, या प्रश्नाचा बराचसा भाग या पैजेतच येऊन जातो.

या उपक्रमाचे मूळ युरोपीय संघापेक्षा जुने आहे. १९२०च्या दशकात राष्ट्रसंघ जिनिव्हात कामाला लागला आणि काही वर्षांतच अमेरिकी विद्यापीठांत त्याच्या अभिरूप सभा भरू लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाची जागा संयुक्त राष्ट्रांनी घेतली आणि त्याची विद्यार्थी-आवृत्ती, म्हणजे ‘एमयूएन’, जगभर पसरली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅरॉल्ड गुट्झकाउ यांनी काल्पनिक राष्ट्रांचा खेळ रचून आंतरराष्ट्रीय राजकारण प्रयोगशाळेत आणण्याचा प्रयत्न केला. त्यांचा हेतू शिकवण्याइतकाच संशोधनाचाही होता. युरोपीय संघाच्या अभिरूप वाटाघाटी त्या मानाने उशिरा आल्या. ‘युरोसिम’ १९८८ साली सुरू झाला. तो अटलांटिकच्या दोन्ही काठांवरची विद्यापीठे मिळून चालवतात आणि तो आलटून पालटून अमेरिकेत आणि युरोपात भरतो. स्ट्रासबर्गमधला ‘मॉडेल युरोपियन युनियन’ २००७ पासूनचा, तोही खुद्द युरोपीय संसदेच्या सभागृहात. त्यात मंत्री आणि खासदार असतातच, शिवाय पत्रकार, लॉबीवाले आणि दुभाषेही विद्यार्थीच असतात.

संयुक्त राष्ट्रांची आमसभा आणि युरोपीय संघ यांच्यात एक मोठा फरक आहे आणि तो खेळातही उतरतो. आमसभेचे ठराव बहुतांशी नैतिक वजनाचे असतात, म्हणून तिथे भाषण गाजवले की निम्मे काम होते. युरोपीय संघ कायदे करतो. तिथे एखाद्या कलमातले ‘करू शकेल’ बदलून ‘करील’ झाले तर एखाद्या देशाच्या मच्छीमारांचे वर्षाचे गणित बदलते. त्यामुळे युरोपीय खेळात वक्तृत्वापेक्षा मसुद्याला भाव येतो. विद्यार्थी लवकरच शिकतो की खरे काम मंत्र्यांच्या बैठकीत होत नाही. मंत्री येण्याआधी राजदूतांच्या समितीत बहुतेक सगळे मिटलेले असते आणि मंत्र्यांसमोर फक्त न सुटलेल्या गाठी येतात. अध्यक्षपद भूषवणारा देश एकेका शिष्टमंडळाला वेगळे बोलावून ‘तुमची खरी शेवटची रेषा कुठे आहे’ हे काढून घेतो. ब्रसेल्समध्ये या भेटींना चर्चमधल्या कबुलीजबाबाचे नाव पडले आहे. पाठ्यपुस्तक वाचून हे कळत नाही. दुपारी तीन वाजता, सहा देशांच्या सहा वेगवेगळ्या ‘शेवटच्या रेषा’ कागदावर मांडून त्यांतून एक वाक्य काढायला बसले की कळते.

आकड्यांचे राजकारणही असेच हाताला लागते. सध्याच्या नियमानुसार बहुतेक विषयांवर निर्णयाला ५५ टक्के सदस्य देश, म्हणजे २७ पैकी १५, आणि एकूण लोकसंख्येपैकी ६५ टक्के लोकसंख्या असलेले देश लागतात. अडवायचे तर किमान चार देश एकत्र यावे लागतात. हे वाक्य वाचून विसरले जाते. पण लक्झेंबर्गच्या खुर्चीवर बसलेल्या मुलीला पहिल्या तासातच उमगते की लोकसंख्येच्या हिशेबात आपण नगण्य आहोत आणि देशांच्या हिशेबात जर्मनीइतक्याच. मग ती पंधरावा देश कोण होतो याकडे डोळे लावून बसते. तसे झाले की त्या दिवशीचे शिक्षण झाले, असे मी मानतो.

इथपर्यंत सगळे ठीक. अडचण सुरू होते ती शेवटच्या दुपारी.

अभिरूप वाटाघाटी जवळजवळ नेहमी यशस्वी होतात. रविवारी चार वाजता समारोप असतो, सहाची गाडी असते, प्रमाणपत्रे छापून आलेली असतात. साडेतीनपर्यंत रुसलेले देश तीन वाजून पन्नास मिनिटांनी हसतमुखाने तडजोडीचा मसुदा मान्य करतात आणि टाळ्या पडतात. खऱ्या संघाचा इतिहास याच्या उलट आहे. डिसेंबर २०००मध्ये नीसच्या बैठकीत मतांची वाटणी ठरवायला चार दिवस पुरले नाहीत आणि पाचव्या दिवशी पहाटे करार झाला. सव्वाआठ कोटींच्या जर्मनीला आणि सुमारे सहा कोटींच्या फ्रान्सला प्रत्येकी २९च मते मिळाली, कारण फ्रान्स त्यापेक्षा कमी घ्यायला तयार नव्हता. बेल्जियमने हॉलंडपेक्षा एक मत कमी घेतले, तेही कुरकुरत. जुलै २०२०मध्ये कोविडनंतरच्या ७५० अब्ज युरोंच्या निधीसाठी नेते १७ तारखेला बसले आणि २१च्या पहाटे उठले. अनुदानाचा प्रस्ताव ५०० अब्जांचा होता, तो हॉलंड, ऑस्ट्रिया, स्वीडन आणि डेन्मार्क या काटकसरी देशांनी ३९० अब्जांवर आणला. आणि ही झाली यशाची उदाहरणे. अपयशाची यादी याहून लांब आहे.

विद्यार्थी इतक्या सहज का जुळवून घेतात? ते स्वभावाने समंजस असतात, हे एक उत्तर. मला ते अपुरे वाटते. खरे कारण असे की त्यांच्या पाठीमागे कुणी नसते. रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ साली एका गाजलेल्या लेखात मांडले की प्रत्येक वाटाघाटकर्ता एकाच वेळी दोन पटांवर खेळत असतो. एका पटावर समोर दुसरे देश असतात, दुसऱ्यावर त्याची स्वतःची संसद, पक्ष, शेतकरी, वर्तमानपत्रे आणि मतदार. पहिल्या पटावरची उत्तम चाल दुसऱ्या पटावर आत्महत्या ठरू शकते. वर्गातल्या ‘पोलंड’ला पोलंडमध्ये परत जायचे नसते. त्याला वसतिगृहात जायचे असते आणि तिथे दुधाच्या कोट्यावरून कुणी त्याची वाट अडवून उभे नसते.

संघाच्या भवितव्याच्या वाटाघाटींत तर हा दुसरा पटच निर्णायक ठरत आला आहे. मास्ट्रिख्टचा करार बारा सरकारांनी सह्या करून पक्का केला आणि २ जून १९९२ रोजी डेन्मार्कच्या मतदारांनी ५०.७ टक्क्यांनी तो नाकारला. वर्षअखेर एडिंबरोत डेन्मार्कला सामाईक चलनासह चार बाबतींत सवलत मिळाली आणि मे १९९३मध्ये तेच मतदार ‘होय’ म्हणाले. घरची मंडळी ऐकत नाहीत म्हणून वाटाघाटीत तुमचे वजन वाढते, हे थॉमस शेलिंग यांनी १९६०मध्येच सांगून ठेवले होते. डेन्मार्कने ते करून दाखवले. आयर्लंडने नीसचा करार २००१मध्ये आणि लिस्बनचा २००८मध्ये असाच नाकारला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या सार्वमतात मान्य केला. सर्वांत मोठा दणका राज्यघटनेला बसला. व्हालेरी जिस्कार देस्तँ यांच्या अध्यक्षतेखाली १०५ सदस्यांच्या अधिवेशनाने २००२-०३मध्ये युरोपची राज्यघटना लिहिली, २९ ऑक्टोबर २००४ रोजी रोममध्ये तिच्यावर सह्या झाल्या आणि २९ मे २००५ला फ्रान्सने व १ जूनला हॉलंडने ती मोडीत काढली. तिच्यातला बराचसा मजकूर पुढे लिस्बन कराराच्या रूपाने १ डिसेंबर २००९ रोजी लागू झाला, पण ‘राज्यघटना’ हे नाव, ध्वज आणि गीत गाळून.

अभिरूप वाटाघाटींत या टप्प्याला सहसा जागा नसते, कारण वेळ नसतो. पण मला वाटते, जागा ठेवली तर खेळच बदलतो. काही शिक्षक प्रत्येक देशाचा संघ दोन भागांत विभागतात. निम्मे ब्रसेल्सला जातात, निम्मे घरी संसद म्हणून बसतात. शेवटच्या तासात वाटाघाटीहून परतलेल्यांना घरच्यांसमोर करार मांडावा लागतो. घरच्यांच्या हातात वेगळे, गुप्त सूचनापत्र असते. तिथे जे घडते ते समारोपाच्या टाळ्यांपेक्षा कितीतरी खरे असते. आदल्या दिवशी ‘आपण सगळे युरोपीय आहोत’ म्हणणारा प्रतिनिधी वर्गमित्रांसमोर उभा राहून ‘मी यापेक्षा जास्त मिळवूच शकत नव्हतो’ हे पटवू लागतो. गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत पुनर्विकासाचा करार मांडणाऱ्या सचिवाकडे पाहा. त्याचा आवाज आणि या मुलाचा आवाज एकच असतो.

दुसरी उणीव अधिक खोल आहे आणि तिच्याबद्दल कमी बोलले जाते. अभिरूप वाटाघाटींत सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतात. हजेरीला गुण असतात, मग गैरहजर राहणार कोण? पण राजकीय संघाच्या इतिहासात रिकामी खुर्ची हे फार जुने हत्यार आहे. शेतीच्या पैशांवरून आणि १९६६ पासून लागू होऊ घातलेल्या बहुमताच्या पद्धतीवरून चिडून द गॉल यांच्या फ्रान्सने जुलै १९६५पासून मंत्रिपरिषदेच्या बैठकांना जाणेच बंद केले. आजच्या संघाचा पूर्वज असलेला सहा देशांचा समुदाय सात महिने लंगडत चालला. जानेवारी १९६६मध्ये लक्झेंबर्गमध्ये समेट झाला. व्यवहारात त्याचा अर्थ इतकाच होता की एखाद्या देशाच्या अत्यंत महत्त्वाच्या हिताचा प्रश्न असेल तर सगळ्यांचे पटेपर्यंत चर्चा चालू ठेवायची. ते करारात कुठेही लिहिलेले नव्हते. तरीही पुढची सुमारे वीस वर्षे युरोपचे राजकारण त्या न लिहिलेल्या कलमावर चालले. ओर्बान यांनी २०२३मध्ये त्याच हत्याराची मूठ उलट धरली. फ्रान्सने काम अडवण्यासाठी खुर्ची सोडली होती, ओर्बान यांनी काम होऊ देण्यासाठी सोडली आणि तरीही त्यांना घरी ‘मी हात वर केला नाही’ असे सांगता आले.

बाहेर पडणे ही रिकाम्या खुर्चीची पुढची पायरी. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने ५१.९ टक्क्यांनी संघ सोडायचे ठरवले आणि पुढची तीन-चार वर्षे ब्रेक्झिट हा अभिरूप वाटाघाटींचा लाडका विषय झाला. एक प्रयोग सार्वमताआधीचाही आहे आणि तो विद्यार्थ्यांचा नव्हता. जानेवारी २०१६मध्ये लंडनच्या ‘ओपन युरोप’ या संस्थेने मुरलेल्या राजकारण्यांना घेऊन दोन फेऱ्यांचा खेळ मांडला. पहिल्या फेरीत ब्रिटन संघात राहून सवलती मागत होते आणि माजी परराष्ट्रमंत्री माल्कम रिफकिंड ब्रिटनच्या जागी होते. दुसऱ्या फेरीत ब्रिटन बाहेर पडले होते आणि जागा माजी अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी घेतली. आयर्लंडच्या खुर्चीवर माजी पंतप्रधान जॉन ब्रूटन होते. पहिल्या फेरीत बाकीचे देश समजुतीने वागले, दुसऱ्या फेरीत तीच माणसे कठोर झाली. पुढे आयर्लंडच्या सीमेने लंडनची किती सरकारे घामाघूम केली, ते आपण पाहिले. म्हणजे खेळाला भविष्याचा वास येऊ शकतो. अट इतकीच की खेळणाऱ्यांना आपापल्या देशाचा राग आतून माहीत हवा.

तो राग विद्यार्थ्यांकडे कुठून येणार? बहुतेक खेळांत स्वतःचा देश मिळत नाही. ते चांगलेच आहे, कारण पोर्तुगालच्या मुलाला फिनलंडची भीती समजून घ्यावी लागते. पण अशा परिषदांना अर्ज करणारी मुले मुळातच युरोपप्रेमी असतात. पैसाही अनेकदा संघाच्याच झां मोने कार्यक्रमातून येतो. संघावर संशय असलेला, गावाकडचा, इंग्रजीत अडखळणारा विद्यार्थी त्या सभागृहात क्वचितच पोहोचतो. संघाच्या अधिकृत भाषा २४ आहेत, खेळ मात्र इंग्रजीत चालतो. मग हंगेरीची खुर्ची जिच्या वाट्याला येते ती मुलगी एक तर ओर्बान यांचे अर्कचित्र काढते किंवा दुसऱ्या दिवशी विरघळून जाते. बुडापेस्टच्या एखाद्या मतदाराला ओर्बान यांचे म्हणणे का पटत होते, या प्रश्नापर्यंत ती जातच नाही. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या हातात तीन पानांचे टिपण होते आणि त्यातली अडीच पाने नियमांची होती.

संशोधकांनीही या प्रकाराची मापे काढली आहेत. अँटवर्प विद्यापीठात पीटर बुर्सेन्स आणि त्यांचे सहकारी शिक्षणशास्त्राच्या साधनांनी युरोपीय संघाच्या खेळांचा अभ्यास करत आले आहेत. चॅड रेमंड या अमेरिकी प्राध्यापकांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभिरूप खेळामुळे परीक्षेतल्या गुणांत लक्षणीय फरक दिसला नाही. विद्यार्थ्यांना मजा येते, आत्मविश्वास वाढतो, विषयाची गोडी लागते, असे विद्यार्थी स्वतः सांगतात. त्यावर अविश्वास दाखवायचे कारण नाही. पण गोडी असलेलेच तिथे येतात, त्यामुळे गोडी खेळाने लागली की आधीचीच होती हे वेगळे काढणे कठीण जाते. शिवाय लेखी परीक्षा हे माप तरी योग्य आहे का? मसुद्यातली खाचाखोच ओळखणे, गप्प कधी बसायचे हे कळणे, या गोष्टींना गुणपत्रिकेत रकाना नाही.

रिकाम्या खुर्चीला आणि अपयशाला जागा देणारा माझ्या माहितीतला सर्वांत धीट खेळ युरोपबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमध्ये इतिहासकार मार्क कार्न्स यांनी १९९०च्या दशकात ‘रिअ‍ॅक्टिंग टु द पास्ट’ ही अध्यापनपद्धती सुरू केली. तिच्यात विद्यार्थी काही आठवडे इतिहासातल्या एका पेचप्रसंगात राहतात. प्रत्येकाला भूमिका असते, जिंकण्याची उद्दिष्टे असतात आणि निकाल इतिहासाप्रमाणेच लागला पाहिजे असे बंधन नसते. त्या मालिकेत कार्न्स आणि भारताचे अभ्यासक एन्स्ली एम्ब्री यांनी रचलेला ‘डिफायनिंग अ नेशन’ हा खेळ आहे. काळ १९४५, स्थळ सिमला. व्हाइसरॉयने सगळ्यांना बोलावले आहे. काँग्रेस सगळ्या भारतीयांच्या वतीने बोलण्याचा दावा करते, मुस्लिम लीगला पाकिस्तान हवे आहे. शीख आणि अस्पृश्य यांचे काय होणार, शेकडो संस्थानांचे काय होणार, हे प्रश्न टेबलावर आहेत.

अमेरिकेतल्या एखाद्या गावात एकोणीस वर्षांची मुले फाळणी टाळायचा प्रयत्न करत आहेत, ही कल्पना प्रथम चमत्कारिक वाटते, थोडी अंगावरही येते. ज्यांच्या घरात फाळणीच्या आठवणी आहेत त्यांना हा खेळ म्हणून पाहणे जड जाईल. तरी रचनेची दाद द्यावी लागते. खरी सिमला परिषद २५ जून १९४५ला सुरू झाली आणि १४ जुलैला व्हाइसरॉय वेव्हेल यांनी ती फसल्याचे जाहीर केले. व्हाइसरॉयच्या नव्या कार्यकारी मंडळातले सगळे मुस्लिम सदस्य लीगनेच सुचवलेले असावेत, या जिनांच्या आग्रहावर गाडे अडले. काँग्रेसचे अध्यक्ष त्या वेळी मौलाना आझाद होते, ही गोष्ट ध्यानात घेतली की तो आग्रह किती टोचणारा होता हे कळते. म्हणजे इथे अपयश हाच इतिहास आहे. विद्यार्थ्याला तडजोड काढायची असेल तर ती मोफत मिळत नाही, कुणाच्या तरी जिंकण्याच्या उद्दिष्टातून ती कापून काढावी लागते.

त्याच वाटाघाटींचा पुढचा अंक मराठी वाचकाच्या अधिक जवळचा आहे. ९ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीची पहिली बैठक भरली तेव्हा मुस्लिम लीगच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. संस्थानांचे प्रतिनिधीही आलेले नव्हते. नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. बॅरिस्टर मु. रा. जयकरांनी सुचवले की लीग आणि संस्थाने येईपर्यंत तो पुढे ढकलावा. सभागृह त्यांच्यावर नाराज झाले. १७ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी जयकरांची बाजू घेतली. असा ठराव संमत करण्याचा समितीला अधिकार आहे का, यापेक्षा तो आज संमत करणे शहाणपणाचे आहे का, हा प्रश्न त्यांनी सभागृहापुढे ठेवला. ज्यांच्याशी कालपर्यंत वाद होता त्या काँग्रेसच्या बाकांवर ते भाषण शांतपणे ऐकले गेले. ठराव लांबणीवर पडला आणि २२ जानेवारी १९४७ला संमत झाला. लीग आली नाहीच. रिकाम्या खुर्चीशी कसे बोलायचे, याचा इतका चांगला धडा घटनात्मक इतिहासात सहजी सापडत नाही. आमच्या राज्यशास्त्राच्या वर्गांत तो जयंतीच्या भाषणापुरता उरावा, याचे मला नवल वाटते.

मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत एमयूएन जोरात आहे. कोट-टाय, ‘ऑनरेबल चेअर’, ‘मोशन’, ‘पोझिशन पेपर’ आणि शेवटी ‘बेस्ट डेलिगेट’चे पारितोषिक. आमची वक्तृत्व आणि वादविवाद करंडकांची परंपरा त्यात इंग्रजी पेहराव करून आली आहे, असे मला वाटते. पारितोषिक बोलण्याला मिळते. ज्याने मागच्या बाकावर बसून दोघांचे भांडण मिटवले त्याला कुणी विचारत नाही. वाटाघाटी शिकवायच्या असतील तर हे पारितोषिक आधी बंद करावे लागेल.

युरोपमध्ये दरम्यान एक उलटा प्रयोग झाला. विद्यार्थ्यांनी नेत्यांची भूमिका करण्याऐवजी संघाने सामान्य नागरिकांनाच बोलावले. ९ मे २०२१ ते ९ मे २०२२ या काळात ‘युरोपच्या भवितव्यावरील परिषद’ भरली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले ८०० नागरिक चार गटांत बसले. त्यांत एक तृतीयांश १६ ते २५ वयाचे होते. त्यातून ४९ प्रस्ताव निघाले, एकमताची अट बऱ्याच विषयांत काढून टाका हाही त्यांतला एक. समारोपाच्याच दिवशी १३ सदस्य देशांनी कागद काढून कळवले की करार बदलण्याची घाई नको. नोव्हेंबर २०२३मध्ये युरोपीय संसदेने करारबदलाची मागणी २९१ विरुद्ध २७४ मतांनी केली. त्यासाठी अधिवेशन बोलवायला नेत्यांच्या परिषदेत साधे बहुमत पुरते. अधिवेशन झालेच, तरी बदलाला सर्व सरकारांची आणि मग सर्व देशांची संमती लागते. नकाराधिकार काढायचा, तर नकाराधिकार असलेल्या प्रत्येकाने एकदा तरी होकार द्यायला हवा. विद्यार्थ्यांसाठी यापेक्षा चांगले कोडे नाही. पण खेळांत बहुधा निर्णयाची पद्धत आधीच ठरवून दिलेली असते आणि विद्यार्थी फक्त विषयावर भांडतात. पद्धतच टेबलावर ठेवली, तर पहिल्या तासातच कुणीतरी विचारील, ‘पद्धत कोणत्या पद्धतीने ठरवायची?’ संयोजकांना ते नको असते, वेळापत्रक कोलमडते.

आपल्याकडे अशा खेळाला विषयांची कमतरता नाही. जीएसटी परिषदच घ्या. केंद्राचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत. आणि राज्याराज्यांत वजन सारखे, म्हणजे त्या टेबलावर गोवा आणि महाराष्ट्र समान. परिषदेत प्रत्यक्ष मतदान पहिल्यांदा झाले ते डिसेंबर २०१९मध्ये, लॉटरीवरच्या करावरून. त्याआधीच्या सदतीस बैठका मत न टाकता कशा पार पडल्या, एवढा एकच प्रश्न घेऊन अर्थशास्त्राचा वर्ग दोन दिवस बसू शकेल.

त्याहून मोठा विषय लोकसभेच्या जागांचा. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१च्या जनगणनेवर गोठवल्या आणि चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. लोकसंख्या आटोक्यात ठेवलेली दक्षिणेकडची राज्ये एका बाजूला, वाढलेली उत्तरेकडची दुसऱ्या बाजूला. नीसमध्ये पहाटेपर्यंत चाललेले भांडण याच जातीचे होते. तमिळनाडूचे किंवा उत्तर प्रदेशचे सूचनापत्र लिहायला तासभर पुरेल. महाराष्ट्राकडे ४८ जागा आहेत, जन्मदर दक्षिणेच्या वळणाचा आहे आणि मुंबई-पुण्यात उत्तरेतून येणाऱ्यांचीही भर पडते. त्या खुर्चीवर बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या कागदावर पहिली ओळ कोणती लिहायची, हे शिक्षकाला आधी ठरवावे लागेल.